पहिलटकरीण

३ मार्च, सोमवार

पाठ मोडली! कुंडलिनी जागी व्हायची तेव्हा होवो, आज फक्त माकडहाड जागं झालं आहे.

तरी योगिनीनं बजावलं होतं, पहिल्या दिवशी उशी घेऊन बस. योगिनी म्हणजे आमच्या चष्म्याच्या दुकानात फ्रेमच्या काउंटरवर असते ती. गेल्या वर्षापासून ती पांढरे कपडे घालते, पहाटे उठते आणि कुणावर चिडत नाही, म्हणून सगळे तिला योगिनी म्हणतात. मी मात्र चिडते. परवा एका गिऱ्हाइकावर खेकसले. डोळे तपासताना मी दिवसभर एकच विचारत असते — ही काच बरी, की ही? आधी बरं दिसत होतं, की आता? तो गृहस्थ प्रत्येक वेळी 'दोन्ही सारखंच' म्हणत होता. मी म्हटलं, मग राहा तसेच. मालकांनी आत बोलावून घेतलं. रागावले नाहीत, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. ते जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी योगिनीनं माझ्या फोनमध्ये धडे घालून दिले. घरच्या घरी कुंडलिनी, अगदी नवशिक्यांसाठी. धडे सांगणाऱ्या बाईंचा आवाज इतका गोड आहे की तो ऐकत प्यायलेला चहा अगोड लागला. मी त्यांचं नाव मधुरवाणी ठेवलं आहे. मधुरवाणी म्हणतात, साधनेचे अनुभव रोज लिहून ठेवा, कुणाला दाखवू नका. दाखवायला आहे कोण! म्हणून हे लिहिते आहे.

४ मार्च

जमलं नाही. आईचं अंथरूण ओलं होतं. धुण्यात सकाळ गेली.

६ मार्च, गुरुवार

धडा दुसरा. कण्याच्या तळाशी म्हणे एक शक्ती वेटोळं घालून झोपलेली असते. श्वासानं तिला हलकेच उठवायचं. मग ती एकेक चक्र ओलांडत वर चढते. ऐकायला झकास आहे, पण आमच्या घरात झोपलेल्याला कुणी उठवत नाही. आई झोपली असली की मी भांडंसुद्धा वाजू देत नाही.

आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत आई. बाहेरच्या खोलीत मी, माझी खाट, ओटा, फ्रीज आणि आता ही चटई. पाय पसरले की फ्रीजला लागतात.

आई प्रसूतिगृहात नर्स होती, नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत. आता तिला विसर पडतो. आधी किल्ल्या विसरायची, मग वार, मग मी. दादा आठवतो. बाबा तर रोज आठवतात, ते वारले आहेत हे तेवढं आठवत नाही. माझ्यापाशी आली की गाडी अडते. काल मला म्हणाली, तुम्ही इथे नवीन का हो? मी म्हटलं, हो. काय सांगणार रोज रोज! मी दुकानात असते तेव्हा शेजारच्या काकू तिच्याजवळ बसतात. त्यांचेही गुडघे गेलेत. त्या परवा म्हणाल्या, मी आहे तोवर आहे गं, पण तू काहीतरी बघ.

बघायचं ते दादानं बघून ठेवलं आहे. एका संस्थेत आईचं नाव घातलं होतं, तिथे एक खाट रिकामी झाली. ती कशी रिकामी झाली ते विचारायचं नसतं. महिनाअखेरीला हो की नाही ते सांगायचं, नाहीतर खाट दुसऱ्या कुणाला. दादा दूरच्या शहरात असतो. तो म्हणतो, तू म्हणशील ते. म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. जगाला 'हे बरं की ते' विचारणारी मी, मला कुणी विचारलं की माझं तोंड मिटतं.

७ मार्च

कण्यात काही नाही. पायाला मुंग्या.

९ मार्च, रविवार

आज जे झालं ते कसं लिहू?

धडा होता अग्निश्वासाचा. भराभर श्वास, पोट भात्यासारखं आत-बाहेर. मधुरवाणी म्हणतात, 'सहज, अगदी सहज.' सहज कसलं! दहा-बारा श्वासांत डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंड उघडं पडलं, धापा लागल्या, घशातून आवाज यायला लागला. थांबावं असं वाटत होतं, तेवढ्यात आतलं दार उघडलं.

आई. ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. माझ्याकडे तिनं बघितलं — म्हणजे खरंच बघितलं. एरवी तिची नजर माझ्यावरून भिंतीवरून फिरावी तशी फिरते. सरळ सिंकपाशी गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि माझ्या मागे येऊन खाली बसली. खुर्चीतून उठवायला तिला दोघी लागतात. एकटी बसली!

"किती वेळानं येतायत कळा?"

मी नुसती धापा टाकत होते. तिला वाटलं, कळ चालू आहे.

"पहिलटकरीण ना? घाबरायचं नाही. असाच तोंडानं श्वास घे. जोर देऊ नकोस अजून, मी सांगेन तेव्हा द्यायचा."

मी एक्कावन्न वर्षांची आहे. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. खरं तर हसू यायला हवं होतं, पण मला रडू फुटलं. तिनं पदरानं माझे डोळे पुसले, कपाळावरचे केस मागे सारले. सगळ्याच रडतात, म्हणाली. मग कमरेच्या खाली, कण्याच्या अगदी तळाशी, तिनं तळहात टेकवला आणि दाबून धरला. तिथे ऊब आली. मधुरवाणी सांगतात तशी ती वर चढत गेली, पाठीतून मानेपर्यंत. कुंडलिनीबिंडलिनी काही नव्हती. आईचा हात होता.

"मी आहे इथेच," आई म्हणाली. "तुझं होईपर्यंत मी कुठे जात नाही."

१० मार्च, सोमवार

दुकानात दिवसभर तेच वाक्य कानात. मी कुठे जात नाही. आजवर हे ती मला कधी म्हणालेली नाही.

तिचा नियमच होता. बाळंतपण अर्धं टाकून उठायचं नाही. ड्यूटी संपो, दुसरी नर्स हजर होवो, त्या बाईची सुटका होईपर्यंत ही खाटेशी. प्रसूतिगृहात तिच्या या नियमाचं केवढं कौतुक! शाळेच्या नाटकात मी राणी झाले होते. पहिल्या रांगेत बाबा आणि त्यांच्या शेजारी रिकामी खुर्ची. टॉन्सिल काढले, शुद्धीवर आले तर उशाशी बाबा. कुणीतरी बाई अडलेली असायची आणि आई तिच्यापाशी असायची. उशिरा घरी यायची, साबणाच्या वासाची, इतकी दमलेली की माझ्याशी भांडायचंही तिच्यात त्राण नसायचं. त्या बायका मी कधी पाहिल्या नाहीत, पण मी त्यांचा मनापासून रागराग केला.

आता मीच त्यांच्यातली एक झाले. आणि बरं वाटतं! लिहायला लाज वाटते, पण फार बरं वाटतं.

१३ मार्च, गुरुवार

रोज येते. मी चटईवर बसले, तोंडानं धापा टाकल्या की बाह्या दुमडत हजर. पोटावर हात ठेवून अंदाज घेते. 'बाळ खाली सरकलंय,' म्हणाली आज. काय सरकलं असेल ते असो, बहुतेक सकाळचा ब्रेड.

तेवढा वेळ ती कुणी वेगळीच असते. पाठ ताठ, आवाज स्वच्छ, बोटं थरथरत नाहीत. मला दरडावतेसुद्धा — खांदे सोड, दात आवळू नकोस, माझ्याकडे बघ! नंतर तासभर तो ताठा टिकतो. स्वतः केस विंचरते, बटणं लावते. काकू म्हणाल्या, हल्ली तुझ्या आईला तरतरी आली आहे, औषध बदललं का? मी ताकास तूर लागू दिली नाही. दुपारनंतर परत सगळं विस्कटतं. संध्याकाळी मी घरी येते तेव्हा ती पुन्हा विचारते, तुम्ही कोण?

धडे पुढे सरकत नाहीत. मी अग्निश्वासावरच अडकले आहे.

१५ मार्च

दादाचा फोन. ठरलं का? नाही ठरलं.

१८ मार्च, मंगळवार

योगिनीनं विचारलं, साधना कशी चालली आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांच्या मधोमध, मी तिला अग्निश्वास करून दाखवला. तिचे डोळेच विस्फारले. म्हणाली, तोंड कशाला उघडतेस? ओठ मिटून, नाकानं करायचा असतो तो! माझं सुरुवातीपासून सगळं चुकतच होतं. तिनं शांतपणे, अजिबात न चिडता, नीट शिकवला. शिंका आल्यासारखा नाकातून नुसता सूं सूं, पोट हलतं, चेहरा निवांत. मला जमलाही. योगिनी म्हणाली, आता बघ कसा फरक पडतो.

१९ मार्च

ओठ मिटून, नाकानं, अगदी शुद्ध केला. मधुरवाणींनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. धाप नाही, काजवे नाहीत. आवाजच नाही.

आई आली नाही. मी दाराकडे बघत बसले. आतून खाट करकरली, तेवढंच.

२० मार्च

तोंड उघडलं. आली.

२२ मार्च, शनिवार

काहीतरी बिघडतं आहे.

मला वाटत होतं, तिच्यासाठी रोज नवी बाई, रोज नवी सुरुवात. सकाळी काय खाल्लं हे जिला दहा मिनिटांनी सांगता येत नाही तिला कालची कळ कशी आठवेल? पण आठवते! आज माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. "फार लांबलं गं तुझं," म्हणाली. मी धडा बंद केला, उठून उभी राहिले, चहा टाकला. तर ती माझ्या मागे मागे. उभी कशाला राहतेस, पड. चहा नको, नुसते ओठ ओले कर. दुकानात जायला निघाले तर दार अडवून उभी. काकूंनी तिला धरलं तेव्हा कुठे निघता आलं. जिना उतरताना वरून तिचा आवाज येत होता, अशा अवस्थेत कुठे पाठवता तिला!

संध्याकाळी काकू म्हणाल्या, जेवली नाही. पेशंट उपाशी आहे म्हणाली. कोण पेशंट गं?

काकूंना सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

२३ मार्च, रविवार

आज चटई गुंडाळून कपाटावर टाकली. धडे बंद.

काही उपयोग नाही. आता तिला धाप लागत नाही, आवाज लागत नाही. मी नुसती दिसले तरी पुरे. माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसते आणि मनगट धरून नाडी बघते. डोळे लाल झाले आहेत, पण झोप म्हटलं तर मान हलवते. शेवटी मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, आई, मी पेशंट नाही. मला काही होत नाहीये. मी तुझी मुलगी आहे.

तिनं माझा हात थोपटला. "हो हो," म्हणाली. "कळा असह्य झाल्या की असंच बोलतात सगळ्या."

मी हात टेकले. काय करू मी? चार दिवस मायेच्या लोभानं तिला या खोट्या कामाला मी जुंपलं आणि आता ते काम संपवायचं कसं ते मला माहीत नाही. ती सुटत नाही, मी सुटत नाही.

२५ मार्च, मंगळवार

काल लिहिता आलं नाही.

काल सकाळी मी अंघोळीला गेले. दहा मिनिटं. बाहेर आले तर दार सताड उघडं आणि आई नाही. जिन्यात नाही, काकूंकडे नाही. ओल्या केसांनी रस्त्यावर धावले. चालत्या गाड्यांच्या त्या मोठ्या रस्त्यावर! तिला गेल्या वर्षभरात मी एकटीला जिनासुद्धा उतरू दिलेला नाही. फळवाल्याला विचारलं, बसथांब्यावर विचारलं. एका बाईनं सांगितलं, नर्ससारखी बोलणारी एक म्हातारी सिग्नलकडे गेली, अनवाणी. मी सिग्नलकडे पळाले.

तेवढ्यात कोपऱ्यावरून आई येताना दिसली. तिच्यापुढे कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, पांढरा डगला, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढलेला, हातात पेटी, अक्षरशः धावत. आणि मागून आई त्यांना म्हणत होती, पाय उचला डॉक्टर, पाय उचला. ती रस्ता ओलांडून त्यांच्या दवाखान्यात शिरली होती. खुर्चीत एक माणूस आ वासून पडलेला. आईनं सांगितलं, बाई अडली आहे, बाळाचे ठोके मंदावलेत, लगेच चला. ज्या आवाजात सांगितलं, त्यावर डॉक्टरांना शंकाच आली नाही. ते गिऱ्हाइकाला तसंच आ वासलेलं सोडून निघाले!

मला बघून आई थांबली. "उठून आलीस?" म्हणाली आणि रस्त्यातच खाली बसली. तिच्या अंगठ्याचं नख उखडलं होतं, तळवे रक्तानं माखलेले. डॉक्टर भले माणूस. दातांच्या कापसानं तिचे पाय पुसले, पट्टी बांधली. मी माफी मागितली तर म्हणाले, असू द्या, पण बाई, सिग्नल लाल नव्हता. गाड्या थांबल्या म्हणून आजी वाचल्या.

एवढंच म्हणाले. घरी आल्यावर मी दाराला आतून कुलूप घातलं.

२६ मार्च

दादाला फोन करून हो म्हटलं. तो म्हणाला, तू खूप केलंस. मी फोन ठेवला.

२८ मार्च, शुक्रवार

संस्थेच्या बाई येऊन आईला बघून गेल्या. बोलायला समंजस. कपड्यांवर नाव शिवून द्या, चपला बंदाच्या द्या, पहिले काही दिवस भेटायला येऊ नका म्हणजे त्या रुळतील. आईला त्यांनी विचारलं, आजी, आमच्याकडे याल ना? आई म्हणाली, सध्या नाही जमणार, हातात केस आहे. बाई हसल्या. त्यांना वाटलं, आजी गमतीदार आहेत.

मालकांनी सुट्टी दिली. योगिनीनं मिठी मारली आणि म्हणाली, सगळं सोडून दे, श्वासावर लक्ष ठेव. चांगल्या मनानं म्हणाली. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं.

३० मार्च, रविवार

नावं शिवते आहे. परकरावर, टॉवेलवर, मोज्यांवर. आई स्टुलावर बसून माझ्याकडे बघते आहे. शिवू नको, म्हणते, अशा वेळी सुई हातात धरू नये, चक्कर आली तर टोचेल.

३१ मार्च, सोमवार

गेली.

दादा सकाळीच गाडी घेऊन आला. आईनं त्याला ओळखलं, गालावरून हात फिरवला, वाळलास म्हणाली. त्याचे डोळे भरले. मी पिशवी दाराशी ठेवली. दादा म्हणाला, चल आई, फिरून येऊ. ती म्हणाली, तू हो पुढे, माझी बाई मोकळी झाली की येते. दादा हसत म्हणाला, दुसरी नर्स आली आहे, ती बघेल. तेव्हा ती ताडकन म्हणाली, माझा नियम तुला माहीत नाही का?

मग सगळं बिनसलं. त्यानं समजावलं, विनवलं, आवाज चढवला. तिच्या दंडाला धरलं तर तिनं माझ्या खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्या हातांना एवढा जोर कुठून आला! दादा तिची बोटं एकेक करून सोडवायला लागला आणि आई ओरडायला लागली. स्वतःसाठी नाही. तिला एकटी टाकू नका, तिला एकटी टाकू नका. काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मी म्हटलं, दादा, सोड तिला. तू बाहेर हो.

मी कपाटावरची चटई खाली काढली.

मला दुसरं काही सुचलं नाही. बसले, तोंड उघडलं आणि श्वास सुरू केला. चुकीचा, तोंडाचा, धापांचा. आईनं दांडा सोडला. बाह्या दुमडल्या, सिंकपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि यावेळी मागे नाही, माझ्या समोर येऊन बसली. माझे गुडघे हातात धरले. बराच वेळ ती नुसतं बघत राहिली. माझ्या धापा खऱ्या व्हायला लागल्या, घाम फुटला, पोटात खरोखरच पिळवटल्यासारखं झालं. मग ती म्हणाली, "आता. आता दे जोर."

तीन आठवडे ती मला देऊ नको, देऊ नको म्हणत होती. मी जोर दिला. ओरडले. माझ्या तोंडून असा आवाज कधी निघाला नव्हता. कशासाठी ओरडत होते ते मला सांगता येणार नाही. ते नाटक नव्हतं. आणखी एकदा, म्हणाली. आणखी एकदा. मग तिचे दोन्ही हात पुढे झाले, ओंजळीत काहीतरी झेलल्यासारखे, आणि तिनं ते उलटं धरून दोन बोटांनी हलकेच थोपटलं. कान देऊन ऐकत राहिली. दादा दारात पिशवी धरून उभा. मीही ऐकत होते!

"रडली बघ," आई म्हणाली. "मुलगी आहे."

तिनं ते माझ्या छातीशी ठेवलं. मी हातांनी धरलं. तिनं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

"झालीस मोकळी."

मग उठली. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, तेव्हा मला तिचं सगळं वजन कळलं, किती कमी झालं आहे ते. हात पुन्हा धुतले, बाह्या सरळ केल्या, चपला घातल्या. दादाला म्हणाली, चल. जिना स्वतःच्या पायांनी उतरली. मागे वळून बघितलं नाही. कशाला बघेल? तिचं इथलं काम झालं होतं.

गाडीचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी मी चटईवरच होते, हात छातीशी धरून. काकू येऊन म्हणाल्या, सोड गं आता. मला सोडवेना.

२ एप्रिल, बुधवार

घर एवढं मोठं कधी झालं? भांडं मुद्दाम आपटून बघितलं.

ओठ मिटून, नाकानं, अग्निश्वास केला. पूर्ण धडा झाला. मधुरवाणी म्हणाल्या, शाबास, आता शांततेचा अनुभव घ्या. घेतला. दुकानात जाऊन आले. दिवसभर विचारलं, ही बरी की ही. दादाला विचारलं, आई रुळली का? तो म्हणाला, तिथल्या बायका म्हणतात की शांत आहे, खूश दिसते. बरं झालं. तिला आता कुणाची आठवण नाही, कुणाची काळजी नाही. मला हेच हवं होतं ना?

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी संस्थेतून फोन आला. आई कालपासून फाटकाशी बसली आहे, पिशवी मांडीवर घेऊन. जेवायला उठत नाही. माझी ड्यूटी संपली, म्हणते. आता अडवू नका, घरी माझी लहान मुलगी आहे, रोज उशीर होतो, आज नाही होऊ द्यायचा.

संस्थेच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला धाकटी बहीण आहे का?

नाही म्हटलं. ती मीच. आईला सांगा, तिथेच बसा. मुलगी न्यायला येते आहे.